आबांकडे उरलेला शब्द

आबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, घराकडनं माणूस आलंय." बाहेर शेजारचे चाचा सायकल धरून उभे होते. आमच्या भिंतीला लागून त्यांचं शिलाईचं दुकान होतं. मापाची टेप गळ्यात तशीच लोंबत होती. "मास्तर पडलेत," एवढंच ते म्हणाले. मी कॅरिअरवर बसले. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरापर्यंत त्यांनी सायकल दामटली.

सत्तरनंतरची पहिली-दुसरी वर्षं असतील ती. मी तिशीला टेकले होते. आई जाऊन बराच काळ झाला होता, धाकटा भाऊ पुण्याला कारखान्यात लागून बायकोसह तिकडंच राहत होता, आणि कोल्हापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत आबा आणि मी असे दोघंच राहत होतो. आबा इंग्रजीचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. मी दुसऱ्या एका शाळेत इंग्रजीच शिकवत होते. आमच्या घरात इंग्रजी कुणी बोलायचं नाही, पण इंग्रजीबद्दल बोलणं मात्र सारखं चालायचं. मी भाकरी भाजत असतानासुद्धा आबा उंबऱ्यावर बसून एखाद्या शब्दाची कुळकथा सांगायचे आणि माझी भाकरी करपायची.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, "उजवी बाजू गेलीय आणि वाचा गेलीय. हातपाय थोडेफार येतील. वाचेचं सांगता येत नाही."

"त्यांना समजतं का सगळं?"

"समजत असावं. तुम्ही समजतंय असं धरूनच चाला."

घरी आणल्यावर आबा बरेच दिवस नुसते बघत राहायचे. आढ्याकडे, माझ्याकडे, पाण्याच्या तांब्याकडे. एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. शाळेची वेळ होत आलेली, त्यामुळं चमचे जरा भराभर जात होते. त्यांनी डावा पंजा उचलला, माझ्या मनगटाला लावला आणि म्हणाले, "वेट."

अगदी स्पष्ट म्हणाले. उच्चारही त्यांचा तोच, वर्गातला. मी वाटी खाली ठेवली आणि तिथंच रडायला लागले. मला वाटलं, वाचा आली. आज एक शब्द आलाय, उद्या दुसरा येईल. मी पळत जाऊन चाचींना बोलावून आणलं. त्यांच्यापुढंही आबांनी तोच शब्द म्हटला. दुपारी तोच, संध्याकाळी तोच. पाणी हवं असलं तरी वेट, उशी सरकली तरी वेट, डास चावला तरी वेट. आठ-दहा दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की दुसरा शब्द येणार नाही.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "होतं असं कधीकधी. सगळी भाषा जाते आणि एखादाच शब्द मागं राहतो. तोंडात बसलेला असतो तो. प्रत्येक वेळी त्याला अर्थ असेलच असं नाही."

"पण हाच का राहावा?"

"ते तुम्हीच सांगा. फार वापरायचे का ते?"

वापरायचे. सगळी नोकरी त्यांनी त्या शब्दावर काढली होती. उजव्या हातात खडू, आणि घाईनं उत्तर द्यायला उठलेल्या पोराला थांबवायला डावा पंजा वर. "वेट. आधी वाक्य पुरतं वाच."

त्यांची शिकवायची रीतच निराळी होती. दर सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात एक क्रियापद लिहायचं आणि आठवडाभर ते पुसू द्यायचं नाही. क्रियापदंही अवघड नसायची. गो, टेक, कीप, असली रोजच्या वापरातली. कुणी विचारलं तर म्हणायचे, "अवघड शब्दाला अर्थ एक असतो, तो पाठ करता येतो. सोप्या शब्दाला पंधरा असतात. तिथंच तुम्ही मार खाता." रविवारी संध्याकाळी ते हे सगळं घरात आधी म्हणून बघायचे, ऐकायला मी आणि भाऊ. त्यामुळं त्यांच्या शाळेत न जाताही त्यांचे सगळे तास मी ऐकलेत.

वेटच्या आठवड्यात पोरांची एक चूक ठरलेली असायची. 'आय ॲम वेटिंग यू.' मराठीत 'तुझी वाट बघतोय' म्हणताना मध्ये काही घालावं लागत नाही, म्हणून पोरं 'फॉर' गिळून टाकायची. आबा पंजा वर करून विचारायचे, "फॉर कुठं गेला? घरी ठेवून आलास?" मग ते शब्दाच्या मुळाकडं वळायचे. हा शब्द इंग्लंडात बाहेरून आला, फ्रेंच बोलणाऱ्या राजांबरोबर. तिकडं त्याचा अर्थ थांबणं असा नव्हताच. पहारा देणं, नजर ठेवणं असा होता. वॉच आणि वेक हे त्याचे भाऊबंद. बुरुजावर जागा राहून शत्रू येतोय का बघणारा माणूस वेट करायचा. पुढं शेकडो वर्षांत त्यातलं बघणं झिजत गेलं आणि नुसतं थांबणं तेवढं राहिलं. "आपण मराठीत अजून वाट बघतो," आबा म्हणायचे. "आपलं बघणं अजून शाबूत आहे." हे सांगताना त्यांना फार आनंद व्हायचा. आम्हा दोघांना भूक लागलेली असायची.

आजारपणाचे दिवस एकमेकांसारखे असतात, त्यामुळं त्यांचं वर्णन करता येत नाही. पहाटे नळाला पाणी यायचं ते भरायचं. आबांचं सगळं आवरायचं. ओली वाकळ काढून दुसरी घालायची, आणि कोल्हापूरची वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली, ती भिजली की दोन माणसांचं वजन होतं. ती एकटीनं पिळायची. मग पेज, मग शाळा. शाळेत पाच तास घसा कोरडा करायचा. घरी आलं की पुन्हा पाणी, पुन्हा वाकळ. स्टोव्हला पिन मारताना मी कितीदा तरी भिंतीला डोकं टेकून तशीच बसून राहिलेय. थकवा आधी पायांत असतो, मग पाठीत येतो, आणि मग एक दिवस तो बोलण्यात उतरतो. माझी वाक्यं तोकडी होत गेली. शाळेतल्या बाया म्हणायच्या, "तुम्ही आजकाल तुसड्या झालाय." मी तुसडी झाले नव्हते. मला वाक्य पूर्ण करायचा कंटाळा यायचा.

एका रविवारी दुपारी मी आबांची जाडजूड डिक्शनरी काढली आणि वेटचे सगळे अर्थ वाचून काढले. थांबणं. तयार असणं. दबा धरून बसणं. पुढं 'ऑन' लागलं तर कुणाची सेवा करणं, त्यावरूनच तो हॉटेलातला वेटर. आबा कॉटवरून बघत होते. मी एकेक अर्थ मोठ्यानं वाचला आणि प्रत्येक वेळी विचारलं, "हा म्हणायचाय का?" त्यांनी पहिल्यांदा मान हलवली, दुसऱ्यांदा हलवली, नंतर तोंड भिंतीकडे केलं. शिकवायला निघालेली मुलगी त्यांना आवडली नसावी. मी डिक्शनरी जागेवर ठेवली. पुन्हा असला प्रयोग केला नाही.

मी शाळेत असले की चाची येऊन बसायच्या. चाचांनी शिवलेल्या शर्टांची काजं करायचं काम त्यांच्याकडं होतं. ते कापड आणि दोऱ्याची रिळं घेऊन त्या आमच्याकडं यायच्या. सुरुवातीला मला संकोच वाटला, पण त्या म्हणाल्या, "तिथं मशीनचा आवाज, हितं शांत हाय. माझंच काम चांगलं हुतंय." एके दिवशी मी लवकर घरी आले तर आबा काहीतरी सांगत होते. "वेट, वेट." आणि उभ्या असलेल्या चाची पटकन त्यांच्या पायाशी खाली बसल्या. आबा गप्प झाले.

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं त्यांना काय पाहिजे ते?"

"कसं म्हंजे? मास्तर बैठ म्हणतात की. मग मी बसते."

त्यांना तो शब्द हिंदी वाटत होता. बैठ. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. आबांना बहुतेक वेळा तेच हवं असायचं, कुणीतरी जवळ बसावं एवढंच. मी मात्र तो शब्द ऐकला की उठायचे, पाणी आणायचे, उशी हलवायचे, खिडकी लावायचे, उघडायचे.

आत्या पेठ वडगावला असायची. आबांची धाकटी बहीण. महिन्या-दोन महिन्यांतून एस.टी.नं यायची, येताना लोण्याचा डबा आणायची, आबांच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून लगेच निघायची. एकदा ती आली तेव्हा मी आबांखालची वाकळ ओढून काढत होते. त्यांना दुखलं असणार. ते माझ्याकडं पंजा करून ओरडले, "वेट! वेट!"

आत्या दारातच थबकली. "काय म्हणतोय दादा?"

"वेट म्हणतात."

"वाईट?"

"वाईट नव्हे गं आत्या. वेट. इंग्रजी शब्द आहे."

"हातरुणावर पडलेलं माणूस इंग्रजी कशाला बोलंल? मला काय कळत न्हाय व्हय? वाईट म्हणतोय त्यो. तुज्याकडं हात करून म्हणतोय."

मी समजावायला हवं होतं. पण हातात ओली वाकळ होती आणि शाळेची घंटा व्हायला आली होती. "तसं म्हण," एवढं बोलून मी मोरीत गेले.

आत्या वाईट बाई नव्हती. आई गेली तेव्हा स्वतःचं घर टाकून ती कितीतरी दिवस आमच्याकडं राहिली होती. पण एखादी गोष्ट तिच्या मनात बसली की बसली. पुढच्या लग्नसराईत ती नात्यातल्या एका लग्नाला पुण्याला गेली आणि माझ्या भावाला तिनं मांडवातच गाठलं. "तुझा बा दिवसभर वाईट वाईट म्हणून रडतोय, आणि तू हितं जिलब्या खातोयस." भाऊ पुढच्याच रविवारी कोल्हापुरात हजर.

"आक्का, तुझ्यावर कुणी आरोप करत नाही," तो म्हणाला.

"मग कशाला आलास?"

"तू दमलीयस. आरशात बघितलंयस का स्वतःला? काही दिवस आबांना माझ्याकडं राहू दे."

मला राग यायला हवा होता. आला नाही. राग यायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. मी आबांचे कपडे बांधून दिले, औषधं समजावून सांगितली. भावानं टॅक्सी आणली होती. चाची दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "नेतायसा खरं, पण तिथं त्यांच्याजवळ बसणार कोण?" भाऊ म्हणाला, "आहोत की आम्ही सगळे."

टॅक्सी गेली आणि मी झोपले. शाळा, जेवण आणि झोप, एवढंच काही दिवस केलं. शाळेतून आले की लुगडं न बदलता आडवी व्हायचे. जाग आली की आधी कान टवकारायचे, मग आठवायचं की कुणी नाही.

या मोकळ्या दिवसांतच आत्यानं स्थळ आणलं. तिच्याच गावातले, एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. वय माझ्याहून थोडं जास्त, घरी ते आणि त्यांची आई. बघायचा कार्यक्रम आत्याच्या घरी झाला. त्यांच्या आईनं विचारलं, "वडील कुठं असतात?" मी उत्तर द्यायच्या आधी आत्या म्हणाली, "पोराकडं, पुण्याला. आता कायमचे तिकडंच." मग आम्हा दोघांना परसात बोलायला पाठवलं. कढीपत्त्याच्या झाडाखाली आम्ही अवघडून उभे राहिलो. त्यांच्या नखांत निळा रंग होता.

"तुम्हाला शिकवायला आवडतं?" त्यांनी विचारलं.

"आवडतं. पण तास संपला की जास्त आवडतं."

ते मोठ्यानं हसले. माझ्या बोलण्यावर कुणी हसून फार दिवस झाले होते. मला ते गृहस्थ आवडले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊ आबांना परत घेऊन आला. आबांची हनुवटी पुढं आली होती, मनगटं बारीक झाली होती. भावाचाही चेहरा उतरलेला. चहा घेताना तो सांगत होता, "आक्का, आम्ही खूप केलं गं. ही तर दिवसभर त्यांच्यामागं. पण त्यांना पाहिजे काय तेच कळत नाही. ओरडत राहतात. बाळ घाबरायला लागलं. शेजारचे येऊन विचारायला लागले." तेवढ्यात आतून आवाज आला, "वेट." भावानं कप खाली ठेवला आणि अंग चोरलं. चाची आपली काजं घेऊन आल्याच होत्या. त्या आत जाऊन कॉटच्या कडेला बसल्या, सुईत दोरा ओवला. आबांनी डोळे मिटले आणि गाढ झोपले.

"यांचं कसं ऐकतात?" भाऊ हळूच म्हणाला.

"चाचींना बैठ ऐकू येतं," मी म्हणाले. त्याला काही कळलं नाही. मीही फोड करून सांगितलं नाही. त्यानं संध्याकाळची गाडी पकडली.

आबा परत आल्याचं मी आत्याला सांगितलं होतं. तिनं ते पुढं कळवलं नव्हतं. त्यामुळं एका रविवारी चित्रकलेचे मास्तर आपणहून आमच्या घरी आले तेव्हा त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी रॉकेलच्या रांगेत होते. त्या काळात रॉकेलची गाडी आली की सगळी पेठ डबे घेऊन धावायची आणि रांग कधी हलेल याचा भरवसा नसायचा. चाची स्वयंपाकापुरत्या आपल्या घरी गेल्या होत्या. ऊन उतरायला लागलं तेव्हा मी डबा घेऊन आले, तर चाची त्यांच्या दारातूनच म्हणाल्या, "अगं बाई, वडगावचं पावणं कवाधरनं येऊन बसल्यात. चहा देतो म्हटलं तर नको म्हणत्यात."

आत ट्रंकेवर ते ताठ बसले होते. समोर कॉटवर आबा टेकून बसलेले आणि दोघं एकमेकांकडं बघत होते. मला बघून ते उठले.

"बराच वेळ झाला का?"

"झाला थोडा. मी निघालो होतो. पण सर म्हणाले, वेट. म्हणून थांबलो."

मी डबा खाली ठेवला आणि हसायला लागले. मला हसू आवरेना. इतक्या दिवसांत तो शब्द ऐकून सरळ थांबलेला हा पहिला माणूस होता. ते बिचारे गोंधळले. मग मी त्यांना सगळं सांगितलं, झटक्यापासून टॅक्सीपर्यंत. आत्या काय समजली तेही सांगितलं.

शेवटी ते म्हणाले, "ते पुण्यालाच असतात असं आम्हाला सांगितलं होतं."

"होते. आले परत."

"आता इथंच?"

"आता इथंच."

त्यांनी आबांकडं पाहिलं. "सर पाण्यासाठीही तेच म्हणतात आणि दुखलं तरी तेच?"

"हो."

पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. पिशवीत जाड पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे होते. प्रत्येकावर एकेक चित्र: पाण्याचं भांडं, उशी, खिडकी, पेजेची वाटी, आणि कपाळाला हात लावलेला माणूस, म्हणजे दुखतंय. एक लघवीच्या भांड्याचंही होतं, ते त्यांनी न लाजता नीट काढलं होतं. आबांच्या मांडीवर त्यांनी ते मांडून ठेवले. आबांनी एकेक तुकडा डोळ्यांजवळ धरून तपासला, पोरांच्या वह्या तपासायचे तसा. मग पाण्याच्या भांड्यावर बोट ठेवलं. मी पाणी दिलं. त्यांनी पुन्हा त्याच भांड्यावर बोट ठेवलं. तहान नव्हती, मला कळत होतं. तरी मी पुन्हा दिलं आणि ते प्याले.

त्या चित्रांनी माझे निम्मे हेलपाटे वाचवले. खिडकीचं चित्र आबा कधी वापरायचे नाहीत, पण उशी आणि पाणी रोज. ते मास्तर पुढंही काही रविवार येत राहिले. फार बोलायचे नाहीत. मी भाजी निवडायची, ते आबांजवळ बसायचे. माझ्या मनात काय काय यायला लागलं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला ते आले ते दारातच रेंगाळले. मी चहा ठेवला.

"आईनं दुसरीकडं शब्द दिलाय," ते म्हणाले. "तिचंही वय झालंय. मी तिला म्हटलं, जरा थांबू. ती म्हणाली, कशासाठी थांबायचं ते तरी सांग."

"बरोबर आहे त्यांचं."

"तुम्ही काहीच म्हणत नाही."

"काय म्हणू? किती दिवस ते मलाच सांगता येत नाही. आणि ते दिवस लवकर संपावेत असं म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं, ते तुम्हाला कळतं."

ते चहा संपेपर्यंत बसले. पाण्याच्या भांड्याचं चित्र आबांचं बोट लागून लागून पुसट झालं होतं. जाण्याआधी त्यांनी ते खिशातल्या पेन्सिलीनं पुन्हा गिरवून दिलं. आबा म्हणाले, "वेट." या वेळी ते थांबले नाहीत. त्यांनी आबांच्या पायांना हात लावला आणि गेले. मी त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही. त्या रात्री मी वेळेवर जेवले आणि वेळेवर झोपले. वाईट वाटायलाही उसंत लागते. ती शाळेला सुट्टी लागल्यावर मिळाली.

आबा त्यानंतर काही वर्षं होते. वर्षं म्हटलं की मोठी वाटतात. जगताना ती सगळी एकच लांबलेली सकाळ होती, पाणी भरायची आणि वाकळ पिळायची. मधे एका पावसाळ्यात त्यांना दुसरा झटका आला आणि तो शब्दही गेला. आधी मी त्याला वैतागले होते. कधीकधी कानांत बोटं घालावीशी वाटायची. तो गेल्यावर घर इतकं गप्प झालं की मी उगाचच भांडी आपटून ठेवायचे. चाची मात्र पूर्वीसारख्याच यायच्या. आता कुणी बैठ म्हणत नव्हतं, तरी त्या आल्या की आधी बसायच्या.

आबा गेले ते दुपारी. मी शाळेत होते, याही वेळी. चाचा पुन्हा सायकल घेऊन आले, आता त्यांनाही चढाला दम लागत होता. घरी चाची कॉटजवळ खाली बसल्या होत्या. मांडीवर पांढरा शर्ट, सुई तशीच अडकवलेली.

"काही त्रास झाला का त्यांना?" मी विचारलं.

"न्हाई बाई. माझं शेवटचं काज चाललंतं. बघितलं तर झोपल्यासारखे. मी इथंच हुते, उठले न्हाई कुठं."

दहाव्याला आत्या आली. तिच्या हातात लोण्याचा डबा नव्हता आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. सगळे पांगल्यावर ती माझ्याजवळ सरकली. "एक इचारू? मी आले की दादा वाईट वाईट म्हणायचा. मलाच म्हणत हुता व्हय गं त्यो? मी त्याच्याकडं धड दोन दिस ऱ्हाईले न्हाय."

किती वर्षं ती हे मनात घेऊन एस.टी.तून येत-जात होती कोण जाणे.

"नाही आत्या. थांब म्हणायचे तुला. तू लगेच गाडीला पळायचीस ना."

"असं व्हय?" ती म्हणाली. मग पदर तोंडाला लावून खूप रडली. मी तिला रडू दिलं. त्या दिवशी ती राहिली.

पुढच्या जूनमध्ये गडमुडशिंगीच्या शाळेत जागा निघाली ती मी घेतली. शहरातल्या शाळेपेक्षा तिथं वरचे वर्ग शिकवायला मिळणार होते. इतकी वर्षं घरापासून लांब जाणं शक्य नव्हतं, आता होतं. गाव जवळच आहे, बसनं फार वेळ लागत नाही. पण बसमध्ये बसले की खिडकीचा वारा लागायचा आणि मी झोपायचे. रोज. थांबा उलटून पुढं जायचे आणि मग पिशवी सावरत चालत मागं यायचे. सुरुवातीला हेडमास्तरांनी मस्टरवर दोनदा लाल शेरा मारला. शेवटी कंडक्टरनंच लक्ष ठेवायला सुरुवात केली. गाव आलं की माझ्या सीटच्या दांड्यावर तिकिटाच्या पंचनं टकटक करायचा.

"ओ बाई, मुडशिंगी आली की! उतरायचं हाय न्हवं?"

एकदा मी उठून दाराशी आले तेव्हा त्यानं विचारलं, "रोज झोपताय. एवढं कशानं दमताय वो? घरात लई माणसं हाईत काय?"

"नाही," मी म्हणाले. "मी एकटीच असते."

त्यानं माझ्याकडं जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं आणि घंटी ओढली. मी खाली उतरले. शाळेची प्रार्थना सुरू झालेली ऐकू येत होती, म्हणून पाय उचलला.